ऑफ-सीझन शेल्फ, नोंद ७ : ५५ पुसताना नाक गेलं, आणि पेरेझची गाडी सापडली

फॉर्म्युला वन गाड्यांच्या छोट्या मॉडेल्सच्या या शेल्फसाठी फेरारीच्या २०२३ च्या गाडीचं, एसएफ-२३ चं, ५५ नंबरचं (साइन्झचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचं तयार मॉडेल, टेबलावर आलं, इथे मागची नोंद थांबली होती. त्यावरचा ५५ पुसून हॅमिल्टनचा ४४ लावायचा होता. त्यानंतर पहिलं नाक थिनरने खाल्लं. दुसऱ्या नाकावर ४४ अगदी हवं तसं बसलंय, हेल्मेट तयार आहे. गाडी मात्र अजून जुळवायची आहे. वाया गेलेल्या पहिल्या बॉडीचं काय करायचं याचं उत्तर ही नोंद लिहितानाच सापडलं, ते पुढे येईल.

या शेल्फचा नियम तोच आहे: १:४३ (खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढं मॉडेल), आणि फक्त अशा गाड्या ज्यांत ड्रायव्हर नव्या टीमसाठी पहिल्यांदा बसला. म्हणजे माणूस नवा, गाडी जुनी. १० डिसेंबर २०२४ च्या अबू धाबी टेस्टच्या तीन गाड्या झाल्या आहेत: विल्यम्स एफडब्ल्यू४६ मध्ये साइन्झ, हास व्हीएफ-२४ मध्ये ओकॉन, साउबर सी४४ मध्ये हुल्केनबर्ग. (ओकॉनला अल्पीनने शेवटच्या शर्यतीआधीच मोकळं केलं, म्हणून तो टेस्टला बसू शकला. ती शर्यत डूहानने चालवली.) चौथी गाडी सगळ्यांनाच हवी असलेली: फेरारीत हॅमिल्टन, त्यांचा स्वतःचा फिओरानो ट्रॅक, २२ जानेवारी २०२५. तो फेरारीत जाणार ही घोषणा १ फेब्रुवारी २०२४ ची, प्रत्यक्ष चाक हातात आलं ते जवळपास वर्षाने, आणि तेही दोन हंगाम जुन्या गाडीचं. चालू गाडीवर मनासारखं टेस्टिंग करता येत नाही, जुन्या गाड्यांवर करता येतं. त्यावरही २०२५ पासून रेस ड्रायव्हरला ४ दिवस आणि १००० किलोमीटर अशी मर्यादा आली. त्या सकाळी हॅमिल्टनने ३० लॅप मारले, सुमारे ८९ किलोमीटर.

१६ नंबरचं (लक्लेरचं) कास्टिंग सहज मिळत असताना ५५ चं का घेतलं, असं विचारणं झालं होतं. हॅमिल्टनने सीट घेतली ती ५५ ची, म्हणून. शिवाय याच गाडीने साइन्झने २०२३ चं सिंगापूर जिंकलं, आणि त्या वर्षी रेड बुलच्या हातून सुटलेली ती एकमेव शर्यत. ४४ बसायचं तर त्याच गाडीवर बसायला हवं.

आता नाकाबद्दल, कारण सगळा वेळ तिथेच गेला.

आकडा टॅम्पोने (रबरी पॅडने शाई उमटवून) छापलेला असतो आणि लाल अंगावर फिकट रंग उठून दिसावा म्हणून शाई दोन थरांत येते: खाली पांढरा, वर रंग. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले वापरतात तेच, ठाणे स्टेशनच्या आसपास सहज मिळतं) कापसाच्या काडीवर घेऊन ३० सेकंद ठेवलं की वरचा थर सुटतो. खालचा पांढरा हलत नाही. ५५ गेलं असं वाटतं, काडी उचलली की पांढरं ५५ तसंच बसलेलं.

घाई नडते ती इथे. जांभळी नाक्याच्या हार्डवेअरमधलं साधं एनसी थिनर (लॅकर रंगांचं, जास्त तीव्र), एक थेंब, चार-पाच सेकंद. पांढरा थर निघाला, त्याच्याबरोबर लालही निघाला. आणि हातातल्या कास्टिंगमध्ये कॉकपिटच्या पुढचं नाक प्लॅस्टिकचं आहे, धातूचं नाही, हे तोवर तपासलेलं नव्हतं. थिनरने प्लॅस्टिक मऊ झालं, काडीचे धागे त्यात रुतले, नाकाच्या कडेची धार गोल झाली. धातूवर एवढंच झालं असतं तर पुन्हा रंगवून भागलं असतं. प्लॅस्टिकवर मात्र पुट्टी, घासकाम आणि पुन्हा धार काढणं, तेही चार मिलिमीटर रुंदीच्या जागेत. म्हणून थिनरची बाटली उघडण्याआधी प्रत्येक भाग नखाने वाजवून बघा. धातूचा आवाज टणक येतो आणि तो हाताला गार लागतो. प्लॅस्टिक लगेच कळतं.

दुसऱ्या कास्टिंगवर जमलं ते असं. एनॅमल रंगांचं थिनर घ्यायचं, लॅकरचं नाही. टामिया या मॉडेल-रंगांच्या कंपनीचं असेल तर उत्तम. ते कारखान्याच्या रंगाला फारसा धक्का लावत नाही, टॅम्पोची शाई मात्र हळूहळू सैल करतं. तरी आधी खालच्या न दिसणाऱ्या बाजूला एक थेंब टाकून बघायचा. टिश्यूचा आकड्याएवढाच तुकडा कापायचा, थिनरमध्ये बुडवून आकड्यावर ठेवायचा, एक मिनिट थांबायचं. मग टूथपिकचं टोक ब्लेडने तिरकं कापून पटाशीसारखं करायचं आणि एकाच दिशेने ढकलायचं. मागेपुढे घासलं तर सुटलेली शाई लालमध्ये भरते आणि गुलाबी डाग पडतो. दोन्ही ५ मिळून नऊ फेऱ्या लागल्या. पाचव्या फेरीनंतर काहीच होत नाही असं वाटतं, पण सातव्याला पांढरा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला. टूथपिकच्या टोकावर अख्खा ५ चा पोटाकडचा बाक चिकटून आला, तेव्हा दोन आठवड्यांचा शीण गेला.

आकडा गेला तरी त्याची सावली उरतेच. या कास्टिंगचा लाल मंद आहे, साटिनसारखा. जिथे घासलं तिथे तो चकाकतो, आणि तिरक्या प्रकाशात ५५ पुन्हा वाचता येतं. पॉलिश लावू नका, त्याने चकाकी वाढते. फक्त डागावर मॅट क्लिअर (पारदर्शक थर) मारलं तर डागाला कड येते. पॅनलच्या रेषेपासून पॅनलच्या रेषेपर्यंत पूर्ण नाक एकसारखं झाकायचं, हा एकच मार्ग टिकला. क्रम असा: आधी पूर्ण नाकावर ग्लॉस क्लिअरचे दोन पातळ हात, त्यावर डेकल (पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र), मग सगळ्यावर साटिन. डेकल सरळ मंद पृष्ठभागावर लावलं तर खाली हवा अडकते आणि चंदेरी दिसतं. ओकॉनच्या हासवर तेच झालं होतं.

क्लिअर मारताना ठाण्याच्या हवेचा हिशोब ठेवावाच लागतो. खाडीची हवा, त्यात सकाळचा दमटपणा. लॅकर वाळताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर दुधाळ होतो. हायग्रोमीटरवर (दमटपणा मोजणाऱ्या यंत्रावर) ७० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर कॅन हातात घेऊ नये. हिवाळ्यात दुपारी १ ते ४ ही वेळ बरी. कॅन आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, बॉडी टेबल लॅम्पखाली थोडी ऊबदार करायची. दुधाळपणा आलाच तर घासू नका. कोरड्या दुपारी त्याच क्लिअरचा अगदी पातळ ओला हात दिला की बहुतेक वेळा तो आपोआप विरतो.

डेकलचं सामान हा वेगळा ताप. वागळे इस्टेटमधल्या एका छपाईवाल्याने पांढरा छापून मिळेल असं सांगितलं, आणि हातात आलं ते यूव्हीचं ट्रान्सफर स्टिकर. व्हर्निअरवर जाडी ०.१ मिलिमीटर. १:४३ ने गुणलं तर खऱ्या गाडीवर चार मिलिमीटर जाडीचा आकडा. लहान स्केलला यूव्ही ट्रान्सफर चालत नाही, कितीही स्वस्त असलं तरी. साधा लेझर पांढरा छापत नाही. पांढऱ्या पाठीच्या कागदावर भोवती लाल छापून आकडा काढण्याचा उपाय सुचवला जातो, पण छापलेला लाल आणि कास्टिंगचा लाल कधीच जुळत नाहीत. साइन्झच्या विल्यम्सवर ते निळ्यात खपलं, लालमध्ये खपत नाही.

मग छपाईच सोडली. कोऱ्या क्लिअर डेकल कागदावर एअरब्रशने पांढऱ्या लॅकरचे तीन हात दिले, एक दिवस वाळवलं, की पांढरी फिल्म घरीच तयार. वर कुठलाही फिकट रंग हवा तो मारता येतो, खाली पांढरा असतोच. आकडा नव्या ब्लेडने स्टीलच्या पट्टीला धरून कापायचा. आणि इथे नशीब बाजूने होतं: ४ हा सगळा सरळ रेषांचा आकडा. बाक एकही नाही. आधी पोटातला त्रिकोण कापायचा, तीन कापांत, प्रत्येक काप कोपऱ्याच्या किंचित पुढे नेऊन. मग बाहेरची कड. उलट्या क्रमाने केलं तर बारीक पाय फाटतो. आठ ४ कापले, त्यातले तीन वापरण्याजोगे निघाले. एक राखीव ठेवलाय. आरओच्या पाण्यात २५ सेकंद, मग कागदावरच मिनिटभर पडू द्यायचं, जागेवर मार्क सेटरचा (डेकल नीट चिकटवणाऱ्या द्रावाचा) थेंब, ओल्या ब्रशने सरकवायचं. सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्राव) फक्त कडेला. हाताने कापलेल्या डेकलला भोवती रिकामी फिल्म नसते, त्यामुळे चंदेरी कडेचा प्रश्नच उरत नाही. छापलेल्यापेक्षा हे जास्त सुबक दिसतं. पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी हीच पद्धत.

हेल्मेट पटकन झालं. त्या दिवसाचं पिवळं. जेमतेम सहा मिलिमीटरचा गोळा, आधीचा रंग गडद. पिवळा थेट गडद रंगावर कधीच झाकत नाही, म्हणून पांढरा प्रायमर, मग पिवळ्याचे चार पातळ हात. लाल रेघा १०/० च्या अगदी बारीक ब्रशने, शेवटी काचेवर ग्लॉस ब्लॅक. ब्रशला रंग कमी आणि मनगटाला टेबलाचा आधार, एवढंच.

आता पहिल्या, बिघडलेल्या बॉडीबद्दल. बेत होता की ती सुट्या भागांसाठी ठेवायची: आरसे, हेलो (कॉकपिटवरची संरक्षक कमान), चाकं. मग २०२६ मध्ये येणाऱ्या कॅडिलॅक या नव्या टीमच्या तयारीची नोंद चाळताना लक्षात आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये इमोलाला पेरेझ कॅडिलॅकच्या लोकांबरोबर पहिल्यांदा चालवायला उतरला तेव्हा गाडी होती फेरारीची एसएफ-२३, पूर्ण काळी, नाव-चिन्ह नसलेली. कॅडिलॅकला २०२६ मध्ये इंजिन फेरारीचंच, म्हणून गाडीही त्यांचीच उसनी. म्हणजे एकाच मॉडेलने दोन बदल झेलले: जानेवारीत हॅमिल्टनचा, नोव्हेंबरमध्ये पेरेझचा. वाया गेलेल्या बॉडीला याहून योग्य काम नाही. काळ्या रंगाखाली नाकाची पुट्टी लपेल, छपाईचं झंझट जवळजवळ नाही, लालची जुळवाजुळव नाही. शेल्फवर दोन्ही शेजारी, लाल आणि काळी.

त्यासाठी धातूच्या बॉडीचा रंग पूर्ण काढायचा. जेल रिमूव्हर, नायट्राइलचे हातमोजे, खिडक्या उघड्या. कॉस्टिक सोडा वापरू नका. कास्टिंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, सोडा त्याला खातो आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. प्लॅस्टिकचं नाक वेगळं, आयपीएमध्ये रात्रभर. नाकाची गोल झालेली धार पुट्टीने भरून ८०० च्या सँडपेपरने आकार, मग १५०० ने गुळगुळीत. त्यावर राखाडी प्रायमर. काळा थेट बाटलीतला मारायचा नाही, या आकारात तो भोकासारखा दिसतो. दहा भागांना एक भाग राखाडी मिसळला की पॅनलच्या रेषा वाचता येतात. फ्लोअर आणि विंग कार्बन म्हणून मॅट, बॉडी साटिन, म्हणजे सगळं काळं असूनही भाग वेगळे कळतील.

यामुळे २०२६ चा बेतही बदलतोय. आधी ठरलं होतं की २०२५ च्या कास्टिंगांवर नवे आकडे लावायचे: नॉरिसच्या मॅक्लारेनवर ४ जाऊन १, व्हर्स्टॅपनच्या रेड बुलवर १ जाऊन ३, हाजार आपला ६ घेऊन रेसिंग बुल्समधून रेड बुलमध्ये. पण ते खोटं होईल. २०२६ च्या नियमांत व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) मर्यादा ३६०० वरून ३४०० मिलिमीटर झाली, रुंदी २००० वरून १९००. १:४३ मध्ये लांबीत ४.६५ आणि रुंदीत २.३ मिलिमीटरचा फरक. टायरही अरुंद झाले. कॉकपिटच्या मागे करवतीने कापून जोडण्याचा विचार दोन दिवस चालला, पण साइडपॉड आणि विंगचं काय? २०२४-२५ च्या हिवाळ्यात ड्रायव्हर बदलले आणि गाड्या बहुतेक तशाच राहिल्या. २०२५-२६ च्या हिवाळ्यात मोजकेच ड्रायव्हर हलले, आणि गाडी एकही जुनी उरली नाही. तेव्हा २०२६ च्या गाड्या त्या वर्षाची कास्टिंग बाजारात आल्यावरच. तोवर फक्त जुन्या गाडीतले नवे लोक. साउबरची ऑडी झाली तरी हुल्केनबर्गची सी४४ तशीच राहील, त्या दिवशी ती साउबरच होती.

राहिलेलं काम: ४४ च्या नाकावर साटिनचा शेवटचा हात, हेलो चिकटवणं, काळी होणाऱ्या बॉडीवर रिमूव्हर. पेरेझच्या नाकावर आकडा द्यायचा की कोरं ठेवायचं ते इमोलाचे समोरून काढलेले फोटो नीट बघून ठरेल. द्यायचा झाला तर ११, म्हणजे पट्टीला धरून सरळ कापायच्या रेघा. साटिन रविवारी दुपारी, हायग्रोमीटर ६५ च्या खाली असेल तर.