तांदूळ तीन मिनिटांत भाजून होत नाही

हलकं पण पोटभरीचं, प्रोटीनवालं काहीतरी खायचं ठरवलं की कोणीतरी थाई सॅलड सुचवतंच. मग कृती शोधायला बसावं, तर जिथे तिथे एकच पालुपद: ‘पंधरा मिनिटांत तयार’. चिकनचा लाब आता माझ्या हातचा मळ झालाय. तरी त्या पंधरा मिनिटांवरचा माझा राग काही गेलेला नाही. त्यातल्या एका पायरीलाच तेवढा वेळ लागतो आणि नेमकी तीच सगळे गिळून टाकतात.

लाब हे थायलंडच्या ईशान्येकडचं, म्हणजे ईसान भागातलं, खिम्याचं सॅलड. सीमेपलीकडे लाओसमध्येही ते घरोघरी होतं. तेलाचा थेंब लागत नाही. पाव किलो चिकन ब्रेस्टचा खिमा दोन-तीन चमचे पाण्यात मोकळा करत शिजवायचा, गुलाबीपणा पूर्ण गेला की लगेच उतरवायचा. दोघांना पुरतो. कच्च्या ब्रेस्टमध्ये दर 100 ग्रॅमला 22-23 ग्रॅम प्रोटीन धरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 25 ग्रॅमच्या वर जातं. बाकी लिंबू, फिश सॉस, भाजलेल्या सुक्या मिरचीची भरड, शॅलट म्हणतात ते छोटे लाल कांदे, पातीचा कांदा, कोथिंबीर आणि मूठभर पुदिना. इथवर कोणालाही जमतं.

घोडं पेंड खातं ते खाओ खुआपाशी. खाओ खुआ म्हणजे थाई चिकट तांदूळ भाजून केलेली भरड. ती नसेल तर ताटात येतो लिंबू पिळलेला उकडलेला खिमा आणि खाली आंबट पाण्याचं थारोळं. भरड ते पाणी धरून ठेवते, रस खिम्याला चिकटवते, आणि लाबचा खमंगपणाही बराचसा तिचाच. सगळा भार जिच्यावर, तिच्याबद्दल कृतीत काय असतं? ‘तांदूळ तीन-चार मिनिटं सोनेरी होईपर्यंत भाजा.’ व्हिडिओत तर आणखी कमाल. तांदूळ कढईत पडतो, उलथनं दोनदा फिरतं, कॅमेरा कट, आणि पुढच्या क्षणी वाटीत तयार पूड! मधला सगळा वेळ कोण उभं होतं त्या गॅससमोर?

तीन-चार मिनिटांत चिकट तांदूळ नुसता गरम होतो. हा दाणा मुळात पांढराफेक, आरपार न दिसणारा. जाड बुडाची कोरडी कढई आणि मंद आच, याला दुसरा उपाय नाही. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. हात भरून येतो, आच वाढवावीशी वाटते. वाढवली की दाण्याची टोकं काळी पडतात आणि पोट कच्चं राहतं. त्याची भरड दाताखाली कचकचते, आणि खाणाऱ्याला वाटतं हा पदार्थच असा आहे. धीर धरला तर आधी एखाददुसरा दाणा पिवळसर दिसतो, मग बघता बघता सगळे. इथेच लोक गॅस बंद करतात, कारण कृतीत ‘सोनेरी’ लिहिलेलं असतं. बंद करायचा नाही! सोनेरी म्हणजे अर्धीच वाट झाली. रंग चांगला तपकिरी व्हायला हवा, आणि मक्याच्या लाह्यांसारखा वास स्वयंपाकघराबाहेर गेला पाहिजे. आमच्याकडे त्या सुमारास बाहेरून आवाज येतोच, “अगं, काहीतरी करपतंय!” करपत नसतं, होत आलेलं असतं. तिथून पुढे एक-दोन मिनिटं. एकूण दहा ते पंधरा मिनिटं धरा, आणि हात एकदाही थांबवायचा नाही.

झालं की नाही ते रंगावरून ठरवण्यापेक्षा एक दाणा काढावा, फुंकर मारून दाढेखाली धरावा. कट्‌कन फुटून भुगा झाला तर झालं. दाताला टणक लागला तर अजून वेळ आहे. हे एक वाक्य कृतीत लिहायला कोणाचं काय जात होतं?

गॅस बंद केल्यावर तांदूळ त्याच कढईत ठेवू नका, तापलेल्या बुडावर तो भाजतच राहतो. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर पीठ होतं, आणि पीठ घातलं की खिम्याची लापशी. जाडसर रव्याइतकी भरड हवी. खलबत्ता असेल तर उत्तमच, हाताला लगेच कळतं. आणि कृतीत नुसतं ‘राइस पावडर’ वाचून बाजारचं तांदळाचं पीठ आणणाऱ्यांनो, ते नव्हे.

मक्रुत या थाई लिंबाची एक-दोन पानं आणि गलंगल या आल्यासारख्या कंदाच्या पातळ चकत्या मिळाल्या तर तांदळाबरोबरच कढईत टाकायच्या, हे मघाशीच सांगायला हवं होतं. त्या कुरकुरीत वाळतात आणि सोबतच दळल्या जातात. नाही मिळाल्या तर अडत नाही.

पाव किलो खिम्याला दीड मोठा चमचा भरड पुरते. ती अगदी शेवटी, खायला बसताना. आधी घातली तर अर्ध्या तासात सगळा रस पिऊन फुगते आणि सॅलड घट्ट गोळा होतं. डब्यात न्यायचं असेल तर भरड वेगळ्या पुडीत न्या. लिंबूही गॅसवर असताना पिळायचं नाही, त्याचा ताजा वास निघून जातो. खिमा कोमट झाला की लिंबू, फिश सॉस, मिरची, मग कांदे आणि शेवटी पाला. पुदिना गरम खिम्यात पडला की काळा पडतो.

हलकं म्हटलं तरी मिठाचं भान ठेवा. फिश सॉस म्हणजे छोटे मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेला रस, त्यामुळे वरून मीठ घालायची गरजच नसते. रक्तदाब असेल त्यांनी एका चमच्यावर थांबून लिंबू वाढवावं. ईसानमध्ये लाबबरोबर वाफवलेला चिकट भात आणि कच्च्या भाज्या असतात. मी भात वगळते आणि कोबीच्या पानात लाब भरून खाते, सोबत काकडी.

भरड जरा जास्तच करून ठेवावी. घट्ट झाकणाच्या बरणीत दोन आठवडे तरी वास टिकतो, आणि मग मात्र सॅलड खरंच पंधरा मिनिटांत होतं.

मांसाहार नसेल तर घट्ट टोफू कुस्करून आणि बारीक चिरलेलं मशरूम घेऊन हेच करता येतं, फिश सॉसच्या जागी सोया सॉस. टोफू आधी फडक्यात बांधून वजनाखाली ठेवा, आणि मशरूम पाणी आटेपर्यंत परता. दोन्हींना पाणी सुटतं आणि तेवढं पाणी कितीही भरड घातली तरी आवरत नाही.