सातवा अर्ज

तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राचे अर्ज भरून देणं हे माझं काम. २०२२ साली कोल्हापुरातल्या एका शिबिरात सकाळी अकरापर्यंत सहा अर्ज झाले, सातव्यापाशी घोडं अडलं.

तेव्हा काम तसं सरळ असायचं. तृतीयपंथीयांसाठीचा २०१९ चा कायदा, २०२० चे नियम. केंद्राच्या पोर्टलवर खातं उघडायचं, फोटो आणि शपथपत्र चढवायचं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा. वैद्यकीय तपासणी लागत नव्हती, पण त्या जिल्ह्यात सलग बारा महिने वास्तव्य हवं असायचं. घोटाळे व्हायचे ते बारीकसारीक: आधारवरचं नाव आणि शपथपत्रातलं नाव यांत एका अक्षराचा फरक, नाहीतर पत्ता भलत्याच जिल्ह्याचा.

सातवा अर्ज एका जोगत्याचा, म्हणजे देवीला वाहिलेल्या, तिच्या नावानं बाईच्या वेषात राहणाऱ्या माणसाचा. गळ्यात यल्लम्माची माळ. मी नेहमीप्रमाणे शपथपत्रातला मजकूर मराठीत वाचून दाखवला: जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि मी स्वतःला मानते ते लिंग जुळत नाही.

"मी कुठं मानलं? यल्लम्माआईनं धरलं मला. माझ्या मानण्याचा काय संबंध?"

शेजारी बसलेल्या, हिजड्यांच्या घराण्यातल्या गुरू तेवढ्यात बोलल्या, "रीत नाही, गुरू नाही, ही आमच्यातली कशी?"

"मी तुमच्यात येतेय कुठं?"

कॉलेजात शिकणारी एक जण मध्ये पडली. "अम्मा, आता पारलिंगी म्हणतात सगळ्यांना."

"मला तर त्या नावानं कुणी हाक मारली नाही बाई."

मी कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या वाचली. तीत किन्नर, हिजडा, अरावनी, जोगता, ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, आंतरलिंगी, जेंडरक्विअर (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारे) असे सगळेच तेव्हा होते. आपला शब्द कायद्यात आहे म्हटल्यावर जोगता खुलली. पण शपथपत्राचं वाक्य सगळ्यांना एकच, 'मी स्वतःला असं मानतो'वालं. व्याख्या लिहिणाऱ्यानं शपथपत्र पाहिलेलं नसावं. देवीनं धरलेल्या माणसाला त्या वाक्यात बसवायचं तर त्याच्या श्रद्धेचीच भाषा बदलावी लागते.

कोपऱ्यातला तरुण, जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला, इतका वेळ गप्प होता. त्याला तर 'तृतीयपंथी' हा शब्दच नको. "तिसरा कुठला? मी पहिल्यातलाच." त्याला कार्डावर 'पुरुष' हवं होतं. हार्मोन चालू होते, शस्त्रक्रिया झालेली नव्हती. कलम ७ प्रमाणे 'पुरुष' असा दाखला शस्त्रक्रियेनंतर, रुग्णालयाच्या वैद्यकीय प्रमुखाचं प्रमाणपत्र जोडल्यावरच मिळायचा. त्याआधी 'ट्रान्सजेंडर'च. तरी पहिला अर्ज आज करून ठेव असं मी सांगितलं, कारण सुधारित दाखला या पहिल्या दाखल्याच्या आधारेच मागायचा असायचा. त्यानं नाराजीनंच भरला.

आमच्या नोंदवहीत 'प्रकार' नावाचा रकाना होता, तीन ठरलेल्या पर्यायांचा. त्या दुपारी मी ते पर्याय खोडले आणि ज्यानं जे सांगितलं ते लिहिलं. गुरूंनी 'हिजडा' लिहायला लावलं, मोठ्यानं. कॉलेजातल्या मुलीनं 'ट्रान्स स्त्री' सांगितलं. तरुणानं रकाना कोरा ठेवायला सांगितला.

जोगत्यानं सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाली, "सही माझी. वाक्य तुमचं."

वहीत 'जोगता' लिहिलं.