पी१० वर त्र्यंबकेश्वर

मंडळी, दोन पी१० (एलईडी ठिपक्यांच्या) पाट्या शेजारी शेजारी जोडून त्यावर ‘त्र्यंबकेश्वर’ पूर्ण उमटलं. अर्धा श नीट, अनुस्वार जागच्या जागी, आणि पाय मोडलेलं एकही अक्षर उघडं पडलेलं नाही. फार आनंद झालाय, म्हणून ही नोंद जरा लांबणार.

हार्डवेअरचं आधी उरकतो. एका पाटीवर ३२ गुणिले १६, म्हणजे ५१२ एलईडी. आत आठ बिटांची १६ शिफ्ट रजिस्टर्स (एकेक बिट सरकवत आत घेणाऱ्या चिप) आहेत. एका वेळी पाटीचा चौथा हिस्सा, म्हणजे चारच ओळी पेटतात. टायमर दर मिलिसेकंदाला पुढचा हिस्सा पेटवतो, त्यामुळे सेकंदाला २५० वेळा पाटी ताजी होते आणि डोळ्याला अजिबात लुकलुक जाणवत नाही. पाटी चालवणारी चिप, ईएसपी३२, चालते ३.३ व्होल्टवर आणि पाटी ५ वर, म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ ही व्होल्टेज जुळवणारी चिप टाकली. नाशिकच्या एम. जी. रोडवर घ्यायला गेलात तर एचसीटीच मागून घ्या. ५ व्होल्टवरच्या साध्या एचसीला ‘एक’ ओळखायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात, एचसीटीला २ पुरतात.

खरी मजा मजकुराची. दुकानांवरच्या बहुतेक पाट्यांना मराठी चित्र करून पाठवतात. मला ते नको होतं. साधा मजकूर पाठवावा आणि अक्षरं चिपनेच जुळवावीत, हा माझा हट्ट आहे. कारण सेन्सरचा आकडा बदलला की त्याभोवतीचं वाक्यही जागेवरच बदलता आलं पाहिजे.

‘त्र्यंबकेश्वर’ घ्या. युनिकोडमध्ये त्याची १३ चिन्हं होतात, यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) ३९ बाइट, आणि आपल्या डोळ्याला दिसतात पाच अक्षरं : त्र्यं, ब, के, श्व, र. म्हणून माझा कोड चिन्ह मोजतच नाही, अक्षर तोडतो. व्यंजन आलं की अक्षर उघडायचं. पाय मोडला आणि पुढे व्यंजन आलं तर त्यातच सामावून घ्यायचं. मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग, आणि अक्षर बंद. बंद झाल्यावरच चित्राकडे वळायचं. हा क्रम पाळला की दोन अवघड जागा सोप्या होतात. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी मेमरीत थ नंतर असते, काढायची मात्र स् च्याही आधी. ‘गर्दी’तला र् मेमरीत द च्या आधी असतो आणि रफार होऊन बसतो दी च्या डोक्यावर. अक्षर पूर्ण हातात असेल तर या दोन्ही फक्त जागांच्या अदलाबदली आहेत. ‘वाऱ्या’तला र मात्र वेगळा ठेवा. तो ऱ वापरूनही लिहितात आणि र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असाही लिहितात. दोन्ही वाटा एकाच आकृतीवर यायला हव्यात.

बाइट वाचताना एक गोष्ट दिसली, ती इथल्या सगळ्यांना आवडेल. देवनागरीचा १२८ जागांचा गट यूटीएफ-८ मध्ये बरोबर मधोमध दुभंगतो. पहिल्या ६४ चिन्हांचा दुसरा बाइट (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर) ए४, पुढच्या ६४ चा ए५. आणि ही फाळणी होते ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मध्ये! ऱ्हस्व ए४ ची शेवटची, दीर्घ ए५ ची पहिली. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची ही रचना मांडली. सीरियल केबलवर एखादा बाइट गळला तरी पुढच्या चिन्हाची सुरुवात आपोआप सापडते. त्या कागदाला माझा रोज नमस्कार आहे.

आकृत्या मी हातानेच काढतोय. तयार फॉन्ट १६ ओळींत दाबला की शिरोरेघ दोन ओळींची होते आणि घ-ध एकसारखे दिसतात. माझी वाटणी अशी : वर तीन ओळी, चौथी शिरोरेघ, नऊ ओळी अंगाला, खाली तीन उकाराला. एका स्तंभाच्या १६ ओळी म्हणजे नेमके दोन बाइट, त्यामुळे सगळा संच काही किलोबाइटांत मावतो. ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्तच काढलाय. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही तीच रूपं आहेत. ल ला त्यापायी जास्त स्तंभ लागतात. लागू देत, नाशिकच्या पाटीवर मराठी ल च दिसला पाहिजे.

चाचणीला गावच पुरतं. ‘म्हसरूळ’मध्ये म्ह आणि पोटात ऊकार घेणारा रू, ‘द्वारका’मध्ये द्व, ‘सिंहस्थ’मध्ये वेलांटीवर अनुस्वार. पण सगळ्यात कस लागला तो ‘कमरेपर्यंत’चा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत, हेच सगळे विचारतात, तेव्हा हा शब्द पाटीवर नसून कसं चालेल? र्यं मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर, आणि ओळी तीनच. रफार तीन स्तंभांत वळवला, टिंब त्याच्या उजवीकडे एक स्तंभ रिकामा सोडून ठेवलं. रस्त्याच्या पलीकडूनही दोन्ही वेगळे दिसतात. स्तंभ सोडला नाही तर रात्री उजेड पसरतो आणि दोघांचा एकच ठिपका होतो.

आता अडलंय ‘विठ्ठल’वर. ठ ला दांडा नाही, त्यामुळे अर्धा करून शेजारी ठेवता येत नाही. पाय मोडून ठ् ठ लिहिणं मला मान्य नाही. एकाखाली एक ठेवायचे तर शिरोरेघेखाली १२ ओळी आहेत, म्हणजे प्रत्येकाला सहा. खालचा ठ सहा ओळींत ओळखू येतो, वरच्याचा देठ जातो आणि तो नुसता शून्य होतो. वरच्याला सात आणि खालच्याला पाच देऊन बघणार आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघेल तेव्हा हा शब्द पाटीवर हवाच आहे. कुणी १२ ओळींत ठ्ठ काढला असेल तर चौकटीच्या कागदाचा फोटो पाठवा, आधी तोच लावून बघतो.