दगडाला भोक नको

नकाशा देखणा होता, यात वाद नाही. जुन्या घडीव दगडी इमारतीच्या मुख्य दारावर लॅमिनेटेड काचेचं छत, ते तोलणारे स्टीलचे बारीक दांडे आणि दांड्यांची टोकं केमिकल अँकरने, म्हणजे भोक पाडून चिकट रसायनाने सळई बसवून, थेट दर्शनी दगडात. मालक तर त्या चित्राच्या प्रेमातच पडले होते. भोकांच्या जागा तपासायला मी मिस्त्रींबरोबर परांचीवर चढले.

मिस्त्री हातोडीने एकेक दगड वाजवत निघाले. खण्ण, खण्ण, आणि नेमका अँकरच्या जागी बद्द आवाज.

"मॅडम, हा पोकळ बोलतोय."

दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलं होतं. (भिंत चकाचक दिसते, म्हणून तेव्हा सगळे खूश झाले असणार.) भिंतीतली ओल चुन्याच्या दर्जेतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडातूनच निघते, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मिस्त्रींनी छन्नीने सिमेंट उकरलं, तर दगडाची कड पिठासारखी बोटाला लागली. आत दोन दगड सांधणारी लोखंडी पट्टी गंजून फुगलेली. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या दाबाने दगड मागून उभा तडकला होता. यावर काच टांगायची? आणि वारा खालून उचलणार, ते वेगळंच.

छत स्वतःच्या खांबांवर उभं करायचं, हे दुपारच्या बैठकीत ठरलं. मालक म्हणाले, "मग खांबांना वरून दगडासारखं क्लॅडिंग, म्हणजे आवरण करू, मिसळून जातील." मी ठाम नकार दिला. नवी भर जुन्यापासून वेगळी ओळखू यावी, तिच्यावर आजची छाप असावी, असं जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते. इटलीतल्या वेरोनाच्या कास्तेलवेक्कियो संग्रहालयात वास्तुविशारद कार्लो स्कार्पाने नवी फरशी जुन्या भिंतींना भिडवली नाही, कडेने फट सोडली. ते फोटो दाखवल्यावर मालक जरा नरमले. कॉर्टेन स्टीलचा (वरून मुद्दाम गंजू दिलेल्या पोलादाचा) त्यांचा हट्ट मात्र मोडावा लागला: त्याचं गंजाळ पाणी खालच्या दगडावर ओघळतं आणि डाग दगडात मुरतात.

शेवटी खांब स्टेनलेस स्टीलचे, त्यांचा पाया जुन्या पायापासून लांब, छत आणि भिंतीत फट. फटीवर शिशाचा पत्रा, तोही दर्जेत खोचून वरून चुना. उद्या छत काढलं तर दर्ज पुन्हा भरली की झालं. तडकलेल्या दगडातली पट्टी काढून पाथरवटाने स्टेनलेसची बसवली.

दारासमोर खांब आले, याची मालकांची कुरकुर अजून चालू आहे.