ओरेगॉन चबच्या शोधात: विलामेटचं खोरं

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंडहून दक्षिणेला निघालं की विलामेट नदी सोबत करते, पण ओरेगॉन चब तिच्या मुख्य प्रवाहात शोधू नका. जेमतेम ९ सेंटिमीटर वाढणारा हा मासा जगात फक्त याच खोऱ्यात आहे, आणि तोही संथ पाण्यात: नदीने सोडून दिलेली वळणं, बीव्हर या बांध घालणाऱ्या प्राण्याने अडवलेली डबकी, गाळ नि पाणवनस्पती.

धरणांनी पूर थांबवले, काठ बांधले गेले, आणि अशी पाणथळं तुटत गेली. वर बास, ब्लूगिल असे परके मासे आले. १९९३ मध्ये चब अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आला तेव्हा हजारभरही उरल्याची माहिती नव्हती. मग सुरक्षित तळ्यांत मासे सोडले, धरणातून पाणी सोडायचं वेळापत्रक बदललं, शेतकऱ्यांनी आपली तळी दिली. २०१५ मध्ये तो यादीतून बाहेर पडला. संख्या सावरली म्हणून अमेरिकेने यादीतून काढलेला हा पहिलाच मासा.

आम्ही जूनमध्ये गेलो, आई-बाबा इथे असताना. कॉर्व्हॅलिस शहरापासून ९९ वेस्ट या हायवेने साधारण १० मैलांवर विल्यम फिनली अभयारण्य आहे. तिथल्या काही तळ्यांत चब आहे. प्रवेश फुकट. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर लाकडी पुलवाट असलेला होमर कॅम्पबेल बोर्डवॉक बरा. वुडपेकर लूप या पायवाटेवर चढ आहे, शिवाय पॉइझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज-पुरळ आणणारं झुडूप. पायजमा लांबच घाला.

चब नक्की ओळखणं कठीण. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा हवाच. पाठ हिरवट, शेपूट दुभंगलेली असेल तर आशा ठेवा. गोल शेपटीचे, पृष्ठभागालगत घुटमळणारे बहुधा गॅम्बुशिया. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडेही सोडतात तेच. गंमत म्हणजे अळ्या चबही खातो, तरी त्याच्या घरात हे पाहुणे घुसवले. आम्हाला दिसलेल्या झुंडीत चब होते, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. बाबांचं मत वेगळं आहे.

एप्रिल ते सप्टेंबर हा विणीचा काळ, तेव्हाच जा. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी पाणपक्ष्यांसाठी बऱ्याच वाटा बंद असतात. कुत्रा नेता येत नाही. जाळं, बरणी नको, आणि दुसऱ्या तळ्यावरून येत असाल तर बुटांचा चिखल आधी धुऊन घ्या. आत खायला काही मिळत नाही; डबा न्या, नाहीतर कॉर्व्हॅलिसमध्ये जेवूनच निघा.