हे कुठे लिहिलंय?

विकिपीडियावर लेख वाचताना एखाद्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात दोन बारीक शब्द लटकलेले दिसतात: ‘संदर्भ हवा’. वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज घसरते. पण वाक्य आपण लिहिलेलं असलं, की तेच दोन शब्द बाकीच्या मजकुरापेक्षा मोठे दिसायला लागतात. कुणी चूक काढलेली नसते, मजकूर उडवलेलाही नसतो. हे कशावरून, एवढंच विचारलेलं असतं आणि तेवढ्यानं माणूस दुखावतो. चर्चापानांवरची, म्हणजे लेखाबद्दल संपादक आपसांत बोलतात त्या पानांवरची, बरीच भांडणं इथूनच सुरू होतात. ‘मी आयुष्यभर याच क्षेत्रात आहे’, ‘हे शाळकरी पोरालाही माहीत आहे’, ‘शंका तुम्हाला आहे ना, मग तुम्हीच शोधा’. हे शेवटचं उत्तर देणाऱ्याला नियम ठाऊक नसतो. शोधण्याचं काम मजकूर घालणाऱ्याचं, शंका घेणाऱ्याचं नव्हे.

संपादन तसं चटकन जमतं. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, थोडा हात साफ करून घेतला की ठळक अक्षरं, दुवे, चित्रं सगळं येतं. संदर्भ देणं मात्र शिकावं लागतं आणि त्यातलं तंत्र हा किरकोळ भाग आहे. कोनी कंसातली ‘रेफ’ (ref) या खुणेची जोडी, तिच्या पोटात लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. हल्ली तर नुसता दुवा किंवा पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक चिकटवला तरी बरेचसे रकाने आपोआप भरतात. (भरल्यावर एकदा वाचून घ्यावेत. यंत्र लेखकाच्या जागी काहीही कोंबतं.) खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आपल्याला अमुक एक गोष्ट माहीत असते, पण ती कुठून कळली हे माहीत नसतं. कुठेतरी वाचलेली असते, कुणीतरी सांगितलेली असते, टीव्हीवर पाहिलेली असते. गोष्ट लक्षात राहते आणि सांगणारा विसरला जातो. एरवी याचं काही अडत नाही, गप्पांमध्ये तर नाहीच नाही. रिकामा रकाना समोर आला की अडतं.

हा आग्रह पहिल्यापासून इतका कडक नव्हता. १५ जानेवारी २००१ला विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा ज्याला जे ठाऊक त्यानं ते लिहावं असा मामला होता. मे २००५मध्ये जॉन सीगेनथॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी गंमत म्हणून लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांचा हात असल्याचा संशय होता. हे सीगेनथॉलर रॉबर्ट केनेडींचे सहकारी. केनेडींच्या अंत्ययात्रेत शवपेटी उचलणाऱ्यांपैकी एक. तो मजकूर साधारण चार महिने तसाच राहिला. नोव्हेंबरअखेर त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून विकिपीडियाचे जाहीर वाभाडे काढले आणि पुढच्याच महिन्यात इंग्रजी विकिपीडियानं निनावी लोकांचा नवे लेख सुरू करण्याचा हक्क काढून घेतला. आज आपण वापरतो ती ‘रेफ’ची सोयही त्याच डिसेंबरात सॉफ्टवेअरमध्ये आली.

मला संदर्भ देणं शिकवलं ते टंकलेखन यंत्राबद्दलच्या एका वाक्यानं. ‘टंकलेखकांचा वेग कमी व्हावा म्हणून क्वर्टी कळफलकाची रचना मुद्दाम उलटसुलट करण्यात आली.’ (क्वर्टी म्हणजे इंग्रजी कळफलकाची नेहमीची मांडणी.) पुढे ‘संदर्भ हवा’. वाक्य दुसऱ्याच कुणाचं होतं, पण ओळखीचं होतं. सगळ्यांनीच ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. चुटकीसरशी होईल असं वाटलं. शोधायला बसले तर ढिगानं पानं निघाली, सगळीकडे तेच वाक्य, शब्दसुद्धा जवळपास तेच. ते आलं कुठून, हे मात्र एकाही पानावर नाही. शंभर लोक एकच गोष्ट सांगतात म्हणून शंभर साक्षीदार होत नाहीत. बोलणारा एखादाच असतो, बाकीचे ऐकून पुढे सांगणारे.

जरा बऱ्या पुस्तकांत डोकावल्यावर वाक्य ढिलं पडायला लागलं. काहींचं म्हणणं असं, की यंत्रातल्या कागदावर अक्षर उमटवणाऱ्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून नेहमी जोडीनं येणारी अक्षरं लांब लांब ठेवली. बरं, दांड्या अडकायच्या थांबल्या तर काम उलट भराभर होईल. वेग कमी करण्याचा हेतू यात कुठे आहे? म्हणजे ‘मुद्दाम’ गेलं आणि ‘वेग कमी व्हावा’ही गेलं. मग क्योटो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका यांचा २०११चा निबंध हाती लागला. त्यांना दांड्यांची गोष्टही मान्य नाही. हा कळफलक घडवणाऱ्या ख्रिस्तोफर शोल्सचं टंकलेखन यंत्र सुरुवातीला वापरून पाहणाऱ्यांमध्ये मोर्सचे संदेश ऐकून उतरवून घेणारे तारवाले होते आणि कळांच्या जागा त्यांच्या सोयीनं बदलत गेल्या, असं त्यांचं म्हणणं. आता ‘म्हणून’ हा शब्दही धोक्यात आला.

अशा वेळी स्वतःची अक्कल चालवायचा मोह होतोच. समोरच्या कळफलकाकडे पाहिलं तर ई आणि आर अगदी खेटून बसलेले, आणि इंग्रजीत ही जोडी पावलोपावली येते. मग जोड्या लांब ठेवल्या त्या कुठल्या? मुद्दा बिनतोड वाटत होता, तरी लेखात घालता येईना. विकिपीडियाच्या भाषेत याला ‘मूळ संशोधन’ म्हणतात. विद्यापीठात त्यासाठी पदवी मिळते, इथे मजकूर काढून टाकतात. हेच एखाद्या अभ्यासकानं छापलेलं असेल तर त्याचा हवाला देऊन खुशाल लिहा. तुम्हाला आज दुपारी सुचलं एवढ्यावर भागत नाही. मी ई आणि आरला त्यांच्या जागी सोडून दिलं.

शेवटी लेखात राहिलं ते असं: रेमिंग्टन कंपनीनं १८७४मध्ये बाजारात आणलेल्या शोल्सच्या यंत्राबरोबर या कळफलकाचा प्रसार सुरू झाला, त्याची रचना अशी का, याबद्दल मतभेद आहेत. मग एक मत, त्याची तळटीप. दुसरं मत, त्याची तळटीप. आधीच्या वाक्यातली सगळी चव गेली. जेवताना सांगायला पहिलंच वाक्य बरं, यात वाद नाही.

पण अंथरूण पाहून पाय पसरायचे तसं इथे संदर्भ पाहून वाक्य पसरायचं असतं. आपण नेमकं उलटं करतो. आधी ऐसपैस वाक्य लिहून बसतो आणि मग त्याला पुरेल असं काहीतरी शोधत फिरतो. ‘सर्वप्रथम’, ‘सुप्रसिद्ध’, ‘एकमेव’ हे शब्द तळटीप जोडायला घेतली की आपणहून गळायला लागतात. न गळाले, तर तळटीप एक सांगते आणि वाक्य दुसरंच, असा लेख तयार होतो. मला तो बिनसंदर्भाच्या लेखापेक्षा वाईट वाटतो. उघडं वाक्य निदान उघडं दिसतं. शेजारी तळटिपेचा निळा आकडा दिसला की वाचणारा निर्धास्त होतो आणि तो आकडा दाबून पाहणारे फार थोडे. त्यातही जाडजूड ग्रंथाचं नुसतं नाव देऊन पानक्रमांक न देणारे लोक आहेत. चारशे पानांत शोधत बसा म्हणणं हा संदर्भ नाही, छळ आहे.

स्वतः लेखकानं सांगितलं तरी चालत नाही, ही गोष्ट नव्या माणसाच्या पचनी पडत नाही. २०१२मध्ये फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकारानं आपल्याच एका कादंबरीवरच्या लेखात दुरुस्ती सुचवली. तिचा नायक अमक्यावरून सुचला असं लेखात होतं. रॉथ म्हणाले, तसं नाही, माझ्या एका प्राध्यापक मित्राच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगावरून मला ती सुचली. विकिपीडियाच्या प्रचालकाकडून, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकाकडून, उत्तर आलं की लेखकाचा शब्द मोठा हे मान्य, पण आम्हाला दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याबद्दल लिहिलेलं, लागतं. रॉथनी मग ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकामध्ये लांबलचक खुलं पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि त्याच पत्राचा संदर्भ देऊन लेखात त्यांचं म्हणणं घातलं गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो, आणि थोडासा आहेही. तरी मी त्या प्रचालकाच्या बाजूची आहे. रॉथ काय म्हणाले हे आणखी दहा वर्षांनी एखाद्या वाचकाला पडताळून पाहायचं असेल तर त्यानं कुणाची खासगी पत्रं उघडायची? छापलेलं पत्र ग्रंथालयात मिळतं.

छापलेलंही दर वेळी खरं असतं असं नाही. कोआटी नावाचा एक अमेरिकी प्राणी आहे, रॅकूनच्या कुळातला, लांब नाकाचा. २००८मध्ये एका विद्यार्थ्यानं त्याच्या लेखात थट्टेनं घुसडलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला वेगळाच प्राणी, आणि असं कुणीच म्हणत नव्हतं. काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांत ते नाव आलं, एका विद्यापीठानं छापलेल्या पुस्तकातही शिरलं आणि मग विकिपीडियावर त्या नावाला छापील संदर्भ मिळाला! २०१४मध्ये ही भानगड उघडकीला आली. तोवर लोक खरोखरच तसं म्हणायला लागले होते. तेव्हापासून मी छापील मजकुराचं साल लेखाच्या इतिहासाशी ताडून पाहते. वाक्य विकिपीडियावर आधी आलं असेल आणि पुस्तकात नंतर, तर ते पुस्तक काही कामाचं नाही.

दुवे मरतात, तो वेगळाच वैताग. आज उघडणारं पान उद्या गायब. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था पानांच्या प्रती जपून ठेवते आणि तिचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, विकिपीडियावरच्या मेलेल्या दुव्यांच्या जागी त्या प्रती बसवत फिरतो. २०१८पर्यंत असे नव्वद लाख दुवे सावरले गेले होते. पुस्तकाचा संदर्भ मला म्हणूनच जास्त भरवशाचा वाटतो, जागचं उठून कपाटापर्यंत जावं लागलं तरी.

पण जे कधी छापलंच गेलं नाही त्याचं काय? इथे मात्र मला नियमाची बाजू घेववत नाही. ज्यांच्याकडे छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, विद्यापीठं होती, त्यांची बारीकसारीक गोष्टही पानक्रमांकासकट सिद्ध होते. आजीला तोंडपाठ असलेला खेळ, त्याचे नियम, त्यातल्या आरोळ्या यांना कोण तळटीप देणार? २०११मध्ये अचल प्रभला यांनी ‘मौखिक संदर्भां’चा एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी अशा तीन भाषांसाठी माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि छापील पानाऐवजी त्या मुद्रणाचा हवाला द्यायचा. कल्पना उत्तम होती. वादही झाले, कारण बोलणाऱ्याची परीक्षा कुणी घ्यायची हा प्रश्न तिथे उरतोच. रॉथना दिलेलं उत्तर त्या आजीलाही द्यायचं का? द्यायचं असेल तर निदान रॉथना ‘न्यू यॉर्कर’ होतं.

आणि अतिरेकही करू नये. इंग्रजी विकिपीडियावर संपादकांनी आपसांत लिहिलेले दोन निबंध आहेत. एक म्हणतो, आकाश निळं आहे याला संदर्भ द्यायची गरज नाही. दुसरा म्हणतो, आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापला निबंध एकमेकांच्या तोंडावर फेकत असतात. मी पहिल्या गटातली. आकाश निळं आहे एवढंच लिहायचं असेल तर खुशाल लिहावं. निळं का, हे लिहायला घेतलं की मात्र जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे पुढे लॉर्ड रेले झालेले गृहस्थ, यांच्या १८७१च्या निबंधापर्यंत जावं लागतं. तिथवर जाऊन पोचलं, की कुणीतरी चर्चापानावर येऊन म्हणतं, हा प्राथमिक स्रोत झाला. भौतिकशास्त्राचं एखादं क्रमिक पुस्तक द्या, पानक्रमांकासह.