टायरचं माप बदललं, आता हवा किती?

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा असतो, तो कंपनीने गाडीला दिलेल्या मापाच्या टायरसाठी. माप किंवा प्रकार बदलला की हिशोब नव्याने करावा लागतो. टायरच्या बाजूवर कोरलेला ‘मॅक्स’ आकडा बघून तेवढी हवा भरणारे तर बरेच दिसतात. ती फक्त त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढ्या हवेत गाडी खड्ड्याखड्ड्यांत आदळते, ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार पृष्ठभागाचा) मधला भाग आधी झिजतो आणि पकड कमी होते.

गाडीचं वजन मुख्यतः टायरमधली हवा पेलते, रबर नव्हे. म्हणून शोधायचं ते एवढंच: जुना टायर स्टिकरवरच्या प्रेशरला जेवढं वजन पेलत होता, तेवढंच पेलायला नव्या टायरला किती हवा लागेल?

यासाठी लोड इंडेक्स बघा, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलतो ते सांगणारा, टायरच्या बाजूवरचा सांकेतिक आकडा. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. पण ही क्षमता एका ठरावीक प्रेशरला, म्हणजे संदर्भ प्रेशरला मिळते. युरोपीय मानकात साध्या टायरसाठी ते २.५ बार (३६ पीएसआय) आणि एक्सएल (जादा वजनासाठी मजबूत केलेल्या) टायरसाठी २.९ बार (४२ पीएसआय) धरतात. हवा त्याहून कमी असेल तर प्रत्यक्ष प्रेशरला संदर्भ प्रेशरने भागा, उत्तराचा ०.८ घात काढा आणि त्याने क्षमतेला गुणा. टायर कंपनीचा लोड-प्रेशर तक्ता मिळाला तर उत्तमच, गणित वाचतं.

समजा, मूळ टायर २०५/५५ आर १६, लोड इंडेक्स ९१, स्टिकरवर ३३ पीएसआय. या हवेत तो साधारण ५७५ किलो पेलतो. त्याजागी २२५/४५ आर १७, ९४ एक्सएल बसवला. इंडेक्स वाढला म्हणून हवा कमी चालेल असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. एक्सएलची ६७० किलोची क्षमता ४२ पीएसआयला आहे. ५७५ किलोसाठी त्याला सुमारे ३५ पीएसआय लागतात. म्हणजे हवा २ पीएसआय वाढवायची. नवा टायरही साधाच आणि इंडेक्स ९१ च असेल, तर ३३ कायम.

टायर मोठा असला आणि गणितात आकडा स्टिकरपेक्षा कमी आला, तरी स्टिकरच्या खाली जाऊ नये. पुढचे-मागचे आकडे वेगळे असतील तर हिशोबही वेगळा करा. जीप-पिकअपला एलटी (लाइट ट्रक) टायर बसवताना फरक मोठा पडतो. त्यांची पूर्ण क्षमता बऱ्याच जास्त प्रेशरला मिळते: लोड रेंज (मजबुतीची श्रेणी) सी ला सहसा ५०, ई ला ८० पीएसआय. साध्या टायरची ३५ पीएसआय त्यात भरली तर वजन पेलण्याची क्षमता घटते, बाजू जास्त दबते आणि टायर तापतो. इथे तक्त्याशिवाय अंदाज लावू नका.

आकडा ठरला की तपासा. गाडी किमान तीन तास उभी असताना, थंड टायरमध्ये, हवा मोजा. नंतर हायवेवर नेहमीच्या वेगाने अर्धा तास चालवून त्याच गेजने पुन्हा मोजा. कारच्या टायरमध्ये साधारण ४ पीएसआय वाढ ठीक. वाढ ७-८ असेल तर टायर थंड असताना भरलेली हवा कमी होती: बाजू जास्त वाकली, म्हणून टायर तापला. फक्त १-२ वाढली तर हवा जास्त असण्याची शक्यता. गरम टायरमधून हवा मात्र काढू नका. बदल थंड झाल्यावरच, एका वेळी १-२ पीएसआय, आणि हिशोबातल्या आकड्याच्या खाली नाही. हवामानात १० अंश सेल्सियसचा फरक पडला की सुमारे दीड ते दोन पीएसआयचा फरक पडतो, तोही लक्षात घ्या.

खडूची पद्धतही उपयोगी आहे. ट्रेडवर आडवी जाड रेघ ओढून सरळ, सपाट रस्त्यावर थोडं अंतर गाडी चालवा. मधला खडू आधी पुसला तर हवा जास्त, दोन्ही कडांचा पुसला तर कमी. एकाच कडेचा पुसला तर आधी अलाईनमेंट बघा. मात्र रिम टायरच्या मानाने अरुंद असेल तर मधला भाग फुगतो आणि खडू चुकीचं सांगतो. अशा वेळी रिमच बदलावी लागते.

शेवटी, टायर प्रेशर सेन्सर असेल तर तो नव्या आकड्यावर रीसेट करा. नाहीतर इशारा जुन्याच हिशोबाने, म्हणजे उशिरा, येईल.